ब्रश ‘बिघडला’? सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्याआधी हे तपासा

“ब्रश बिघडलाय, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकू का?” हा प्रश्न संगणकावर चित्रं-फोटोंचं काम करणाऱ्यांकडून आला की मी आधी “थांब, काही काढू नकोस” म्हणते. फोटो साफ करणारे, चित्रं रंगवणारे, चित्राचा कुठला भाग लपवायचा ते ठरवणारे मास्क दिवसभर काढत बसणारे, प्रत्येकाची तक्रार वेगळी असते आणि कारणं फिरून फिरून तीच निघतात. एखादी की चुकून दबलेली असते, कालच्या कामाची सेटिंग आज तशीच राहिलेली असते, नाहीतर रंग भलतीकडेच जात असतो. पुन्हा इन्स्टॉल करण्यात वेळ जातो, जमवलेले ब्रश जातात, आणि तीच फाइल पुन्हा उघडली की दोष जागच्या जागी.

खालच्या की फोटोशॉपच्या, विंडोजवरच्या आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड आणि आल्टच्या जागी ऑप्शन समजा. क्रिटा आणि गिंप या चित्रांच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

लक्षणं

– कर्सरचा गोल गायब, त्या जागी बारीक फुली
– ब्रश फिरतो, पण काहीच उमटत नाही; किंवा ठरावीक भागातच उमटतं
– उमटतं, पण फिकट. कितीही घासा, रंग भरत नाही
– निवडला लाल, उमटला करडा. किंवा दर फटकाऱ्याला रंग बदलतो
– रेघ सुरू होते आणि थोडं अंतर जाऊन आपोआप विरते
– रेघेऐवजी मण्यांची माळ
– मऊ ब्रश घेतला तरी कड करवतीसारखी
– हात पुढे, रेघ मागे
– टॅबलेटचं (संगणकाला जोडलेल्या रेखाटायच्या पाटीचं) पेन कितीही दाबलं तरी जाडी तीच
– रंगवायला गेलं की उलट खोडलं जातं

आधी अर्ध्या मिनिटाची चाचणी

कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी नवी कोरी फाइल उघडा. साधारण २००० पिक्सेल रुंद, पांढरी पार्श्वभूमी, आरजीबी, ८ बिट. सॉफ्टवेअरसोबत आलेला साधा कडक गोल ब्रश आणि काळा रंग घ्या. माउसने एक रेघ ओढा, मग तीच रेघ पेनाने ओढा.

दोन्ही रेघा नीट आल्या तर दोष तुमच्या मूळ फाइलमध्ये आहे, नाहीतर तुम्ही वापरत होता त्या खास ब्रशमध्ये. दोन्ही बिघडल्या तर ब्रश टूलचीच सेटिंग कुठेतरी अडकली आहे. माउसची नीट आणि पेनाची बिघडलेली असेल तर थेट पेनाच्या भागाकडे जा, मधलं सगळं सोडून द्या. ही चाचणी लोकांना फालतू वाटते, म्हणून ती टाळून ते तास-दोन तास पॅनेलं चाळत बसतात. मीही सुरुवातीला बसले आहे.

चुकून दबलेल्या की

कर्सरची फुली झाली असेल तर कॅप्स लॉक बघा. तो चालू असला की फोटोशॉप गोलाऐवजी नेमका मध्यबिंदू दाखवतं. फाइलचं नाव मोठ्या अक्षरांत टाइप केलं आणि कॅप्स लॉक तसाच राहिला, एवढीच गोष्ट असते.

रंग अचानक फिकट पडला तर आकड्यांच्या की आठवा. ब्रश हातात असताना १ दाबलं की ओपॅसिटी (रंगाचा भरीवपणा) १०%, ५ दाबलं की ५०%, ० दाबलं की १००%. शिफ्ट धरून आकडा दाबला तर फ्लो (रंग सुटण्याचं प्रमाण) बदलतो. एअरब्रशचं बटण चालू असेल तर दोन्हींची अदलाबदल होते, आणि माणूस ओपॅसिटीकडे बघत राहतो जेव्हा खाली गेलेला असतो फ्लो. म्हणून नेहमी दोन्ही आकडे वाचा.

ब्रशचा मोड, म्हणजे रंग खालच्या चित्रात मिसळायची पद्धत, तोही बघा. शिफ्ट धरून अधिक किंवा उणे दाबलं की मोड एकेक पुढे-मागे सरकतो. डिझॉल्व्हवर गेला तर कड दाणेदार होते. क्लिअरवर गेला तर ब्रश खोडायला लागतो. बिहाइंडवर गेला तर फक्त पारदर्शक जागेत रंग जातो आणि भरलेल्या जागेत काहीच होत नाही. सुरुवातीला मोड नॉर्मल करा, बाकीचं नंतर. क्रिटामध्ये ‘रंगवताना खोडलं जातं’ याचं उत्तर जवळजवळ नेहमी ई ही की असते. ती ब्रशला खोडरबर करते आणि पुन्हा दाबली की सरळ करते.

क्यू दबली असेल तर क्विक मास्क (रंगवून भाग निवडायची सोय) चालू होतो, आणि काहीही रंगवलं तरी लालसर पारदर्शक थर दिसतो. पुन्हा क्यू दाबा. शिफ्ट-बीने ब्रशच्या जागी पेन्सिल टूल आलं असेल तर कड करवतीसारखी येणारच, पेन्सिलला मऊ कड नसते. आणि एका बाजूला रंगवलं की दुसऱ्या बाजूलाही आपोआप उमटत असेल तर सिमेट्री चालू आहे; वरच्या पट्टीतलं फुलपाखरू शोधा.

हे एकेक तपासायचा कंटाळा असेल तर वरच्या पट्टीत डाव्या टोकाला ब्रशच्या चित्रावर राइट क्लिक करून ‘रीसेट टूल’ निवडा. गिंपमध्ये टूल ऑप्शन्सच्या तळाशी मूळ सेटिंगवर नेणारं बटण आहे, क्रिटामध्ये मूळ प्रीसेट पुन्हा भरणारं. फक्त ब्रश टूल मूळ पदावर येतं, बाकी काही जात नाही. तरी मी आधी कारण शोधते, कारण तीच की उद्या पुन्हा दबणार आहे.

रंग जातो कुठे?

कोऱ्या फाइलमध्ये ब्रश चालतो आणि मूळ फाइलमध्ये नाही, असं निघालं तर इथे थांबा आणि सावकाश बघा.

सगळ्यात फसवं प्रकरण लपलेल्या सिलेक्शनचं, म्हणजे कामासाठी निवडून ठेवलेल्या भागाचं. कंट्रोल-एच दाबलं की सिलेक्शनच्या हलत्या तुटक रेषा दिसेनाशा होतात, सिलेक्शन मात्र कायम राहतं. मग कोपऱ्यातल्या चार पिक्सेलच्या सिलेक्शनच्या बाहेर तुम्ही कितीही घासा, कागद कोराच. एका शिकाऊ मुलीने याच कारणावरून सॉफ्टवेअर दोनदा पुन्हा टाकलं होतं आणि टॅबलेट बदलायच्या बेतात होती. मी शेजारी बसून कंट्रोल-डी दाबलं. तिचा चेहरा अजून आठवतो. क्रिटामध्येही कंट्रोल-एच हेच करतं. सिलेक्शन काढायला तिथे आणि गिंपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए. गिंपमध्ये सिलेक्शनची रेषा कंट्रोल-टीने लपते.

मग लेयर पॅनेल, म्हणजे चित्राच्या एकावर एक रचलेल्या थरांची यादी. लेयर लॉक आहे का, डोळा बंद आहे का, वर दुसरा भरीव लेयर आहे का, लेयरचीच ओपॅसिटी शून्याजवळ आहे का. पारदर्शक भागाचं लॉक चालू असेल तर रिकाम्या जागेत काही उमटणार नाही आणि भरलेल्या जागेत उमटेल. अक्षरांच्या लेयरवर किंवा स्मार्ट ऑब्जेक्टवर (मूळ चित्र जसंच्या तसं जपणाऱ्या लेयरवर) ब्रश थेट चालतच नाही. वर नवा लेयर घ्या.

लाल निवडून करडा रंग उमटत असेल तर बहुधा तुम्ही लेयरवर नसून त्याच्या मास्कवर आहात. मास्कला रंग कळत नाही, फक्त काळ्या-पांढऱ्यातल्या छटा. मास्क निवडलेला असताना रंगाचे चौकोनही करडे होतात, हीच ओळख. लेयरच्या छोट्या चित्रावर क्लिक करा की लाल परत येतो. पूर्ण फाइलच ग्रेस्केल असेल तर इमेज मेनूतल्या मोडमध्ये जाऊन आरजीबी करा. तिथेच इंडेक्स्ड लिहिलेलं असेल, म्हणजे मूळ फाइल जीआयएफ वगैरे असेल, तर मऊ कड मिळणारच नाही. तिथे रंगांची ठरावीक यादी असते, कडेला लागणाऱ्या मधल्या छटा त्या यादीत नसतात.

गिंपची एक खास गंमत: तिथे प्रत्येक लेयरला स्वतःची हद्द असते आणि पिवळ्या-काळ्या तुटक रेषेबाहेर ब्रश उमटत नाही. लेयर मेनूतून लेयर चित्राएवढा करून घ्या. २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून लेयर आपोआप वाढवण्याचा पर्याय ब्रशच्या सेटिंगमध्येच मिळतो.

कड करवतीसारखी दिसते तेव्हा झूमही बघा. ३३% किंवा ६६% वर पडदा चित्र लहान करून दाखवतो, कड खरीखुरी तशी असेलच असं नाही. १००% वर जा, मग ठरवा.

ठशांची रांग

आता थोडं खोलात जाते, कारण इथलं गणित कळलं की पुढचे बरेच प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

ब्रशची रेघ सलग नसते. ब्रशच्या टोकाचा ठसा एकापुढे एक उमटत जातो, आणि ठसे पुरेसे जवळ असले की डोळ्याला रेघ दिसते. दोन ठशांमधलं अंतर म्हणजे स्पेसिंग, आणि ते ब्रशच्या व्यासाच्या टक्क्यांत मोजतात. १०० पिक्सेलचा ब्रश आणि २५% स्पेसिंग म्हणजे दर २५ पिक्सेलला एक ठसा. स्पेसिंग १००% च्या पुढे गेलं की ठसे सुटे होतात, हीच ती मण्यांची माळ. फोटोशॉपमध्ये स्पेसिंगपुढची खूण निघालेली असेल तर अंतर हाताच्या वेगावर ठरतं: हळू ओढलेली रेघ भरीव, झपकन ओढलेली तुटक. ‘कधी कधीच बिघडतो’ अशी तक्रार असेल तर ही खूण आधी बघा.

ओपॅसिटी ही एका फटकाऱ्याची कमाल मर्यादा. ती ५०% असेल तर पेन न उचलता कितीही घासा, रंग ५०% च्या वर चढत नाही. उचलून पुन्हा टेकवलं की दुसरा थर. फ्लो म्हणजे एकेका ठशातून पडणारा रंग. ठसे एकमेकांवर चढतात, म्हणून फ्लो त्या मर्यादेपर्यंत साचत जातो.

हिशोब करून बघा. कडक गोल ब्रश, फ्लो २०%, ओपॅसिटी १००%. स्पेसिंग २५% असेल तर रेघेच्या मधोमध एका जागेवर साधारण ४ ठसे पडतात आणि रंग ५९% च्या आसपास भरतो. बाकी काही न बदलता स्पेसिंग १०% केलं की तिथे १० ठसे पडतात आणि रंग ८९% वर जातो. म्हणजे रेघ गुळगुळीत व्हावी म्हणून स्पेसिंग कमी केलं तर फ्लोला न शिवताही रंग गडद होणार. ‘दोन्ही मशीनवर फ्लो सारखाच आहे, तरी एकीकडे फिकट का?’ याचं उत्तर बहुतेक वेळा स्पेसिंगमध्ये सापडतं.

घासूनही रंग पूर्ण भरत नाही, याला आणखी एक कारण आहे आणि ते सेटिंगचं नाही. ८ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक चॅनेलला, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्यातल्या एकेकाला आणि मास्कलाही, २५६ पायऱ्या असतात. मास्क १०% ओपॅसिटीने पांढरा करत नेला आणि पूर्ण पांढऱ्याला ४ पायऱ्या उरल्या, तर पुढचा फटकारा ०.४ पायरी चढवू बघतो. अर्धीसुद्धा पायरी होत नाही, म्हणून ती धरली जात नाही आणि मास्कवर राखेसारखा पुसट थर उरतो. आल्ट धरून मास्कवर क्लिक करा, मास्क एकटा दिसेल. शेवटचा हात १००% ओपॅसिटीने मारा, किंवा नाजूक छटांचं काम सुरुवातीपासून १६ बिटमध्ये करा.

आता ब्रश सेटिंग्ज पॅनेल. रेघ थोडी जाऊन विरत असेल तर शेप डायनॅमिक्स आणि ट्रान्सफरमध्ये कंट्रोलपुढे ‘फेड’ निवडलेलं आहे का बघा. फेड ठशांच्या संख्येवर चालतो, ठरलेले ठसे झाले की रेघ संपते. ते ‘ऑफ’ करा. दर फटकाऱ्याला रंग बदलत असेल तर कलर डायनॅमिक्स. रेघेच्या कडा गडद आणि आत पोकळ असेल तर वेट एजेस. हार्डनेसची पट्टी हलतच नसेल तर घाबरू नका: चित्रातून काढलेल्या टोकांना हार्डनेस नसतो, तो फक्त गोल ब्रशला असतो. पॅनेलमधली कुलपंही बघा. एखाद्या गटाचं कुलूप लागलेलं असेल तर ब्रश बदलला तरी ती सेटिंग पाठ सोडत नाही, आणि मग सगळेच ब्रश बिघडल्यासारखे वाटतात.

रेघ मागे पडते

मशीन जुनं झालं असं समजण्याआधी स्मूदिंग बघा. फोटोशॉपमध्ये हे ऑक्टोबर २०१७ च्या आवृत्तीपासून आहे. हाताची थरथर काढायची तर सॉफ्टवेअरला पुढचे बिंदू येईपर्यंत थांबावंच लागतं, म्हणजे आकडा जितका मोठा तितकी रेघ मागे. स्मूदिंग शून्य करा आणि पुन्हा ओढा. त्यातला ‘पुल्ड स्ट्रिंग’ चालू असेल तर दोरी ताणली जाईपर्यंत काहीच उमटत नाही, त्यामुळे पापणीचे केस किंवा बारीक टिंबं काढताना ब्रश मेल्यासारखा वाटतो. क्रिटामध्ये हेच काम स्टॅबिलायझर करतो.

शून्य करूनही रेघ मागेच राहिली तर ठशांचं गणित पुन्हा लावा. मोठा ब्रश, १% स्पेसिंग, वर टेक्स्चर आणि ड्युअल ब्रश (दोन टोकं एकत्र वापरणारा ब्रश), म्हणजे एका फटकाऱ्यात शेकडो जड ठसे. स्पेसिंग १० ते १५% करून बघा. मोठ्या मऊ ब्रशमध्ये फरक डोळ्याला सहसा दिसत नाही, हाताला लगेच कळतो. त्यानंतर स्क्रॅच डिस्कवरची (सॉफ्टवेअर तात्पुरती माहिती जिथे ठेवतं त्या डिस्कवरची) मोकळी जागा तपासा, ती भरत आली की सगळंच रखडतं. शेवटी प्रेफरन्सेसमधल्या परफॉर्मन्समध्ये ग्राफिक्स प्रोसेसरची खूण काढून, सॉफ्टवेअर बंद-चालू करून तुलना करा. खूण काढल्यावर नीट चाललं तर ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स प्रोसेसर चालवणारं सॉफ्टवेअर) उत्पादकाच्या साइटवरून अद्ययावत करा आणि खूण परत लावा. ती कायमची काढून ठेवणं हा उपाय नव्हे, इतर बऱ्याच सोयी तिच्यावर चालतात.

पेन ऐकत नाही

माउस नीट आणि पेन चुकतं, तर स्वस्तातून सुरू करा. केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावा, मधला हब काढा. निब (पेनाचं टोक) ओढून बाहेर काढा: झिजून तिरकी झाली आहे का, आत कचरा अडकला आहे का? पेन हवेत धरलेलं असताना रेघ उमटत असेल तर निब आत रुतलेली असण्याची शक्यता मोठी.

मग टॅबलेटच्या ड्रायव्हरच्या खिडकीतली दाबाची पट्टी बघा. तिथे दाब कमी-जास्त होतो पण सॉफ्टवेअरमध्ये होत नाही, तर पेन आणि टॅबलेट ठीक आहेत, निरोप पोहोचत नाही. विंडोजवर पेनाचा दाब दोन वाटांनी येतो, विंडोज इंक आणि विनटॅब. ड्रायव्हर एका वाटेने बोलतो आणि सॉफ्टवेअर दुसरीकडे कान लावून बसतं, असं झालं की जाडी बदलत नाही. फोटोशॉप मुळात विंडोज इंक ऐकतं, म्हणून ड्रायव्हरमध्ये ते चालू ठेवा. क्रिटात टॅबलेटच्या सेटिंगमध्ये वाट निवडता येते. गिंपच्या २.१० मालिकेत एडिट मेनूतल्या इनपुट डिव्हाइसेसमध्ये पेनाचा मोड ‘स्क्रीन’ करावा लागतो, नाहीतर दाब येत नाही. मॅकवर सिस्टीम अपडेटनंतर ड्रायव्हरला दिलेली अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी तपासा.

फोटोशॉपमध्ये शेप डायनॅमिक्सपाशी उद्गारचिन्हाचा त्रिकोण दिसत असेल तर त्याला टॅबलेट सापडलेलाच नाही. टॅबलेट जोडून, ड्रायव्हर चालू करून, मग फोटोशॉप उघडा. आधी दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर पूर्ण काढा. दोन ड्रायव्हर एका मशीनवर सुखाने नांदत नाहीत.

प्रेफरन्सेस रीसेट

हा माझा शेवटचा घरगुती उपाय. फोटोशॉप उघडताक्षणी कंट्रोल-आल्ट-शिफ्ट धरून ठेवायचं, की सेटिंग पुसायची का असं विचारलं जातं. त्याआधी तुमचे ब्रश एक्सपोर्ट करून एबीआर फाइल दुसरीकडे ठेवा. मी एकदा घाईत ही पायरी गाळली आणि दोन वर्षं घडवलेले केसांचे ब्रश गमावले. तसे परत जमले नाहीत.

इथे थांबा

काही गोष्टींना घरी हात लावायचा नाही. दुसऱ्या मशीनवरही पेन तसंच चुकत असेल तर दोष पेनात किंवा टॅबलेटमध्ये आहे, ड्रायव्हर बदलत बसू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. चार्ज होणाऱ्या पेनाची किंवा टॅबलेटची बॅटरी फुगलेली दिसली, बाहेरच्या आवरणाची फट उघडली, वस्तू हाताला चटका लागेल इतकी तापली, तर ती चार्जरवरून काढा, दाबून बसवू नका, उघडू नका. पडदा असलेल्या टॅबलेटची काच तडकली असेल तर तेही त्यांचंच काम. ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकल्यावरही पडद्यावर रेघा येतात किंवा मशीन मधेच बंद पडतं, तर प्रश्न ब्रशच्या पलीकडे गेला आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगच्या साठ्यात) शिरू नका, संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. मशीन ऑफिसचं असेल तर ड्रायव्हर काढण्याआधीच तिथल्या तांत्रिक माणसाला विचारा, परवानग्या त्याच्याकडे असतात.

जाताना सोबत न्या: सॉफ्टवेअर, ड्रायव्हर आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या आवृत्त्या, आणि सुरुवातीच्या त्या कोऱ्या फाइलमधल्या दोन रेघांचा स्क्रीनशॉट, कुठली माउसची आणि कुठली पेनाची ते लिहून.